न ओरडणारी गल्ली

माझ्या मुलीनं परसात एकटीनं जायचं बंद केलं, तिथून हे सगळं सुरू झालं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. बारामतीजवळच्या जळोचीतली आमची गल्ली तेव्हा नवी होती. निम्म्या घरांना बाहेरून गिलावा नव्हता, रस्त्यासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगावर पोरं घसरगुंडी खेळायची आणि घरामागं लगेच उसाचं रान लागायचं. संडास परसात, उसाच्या कडेला. मुलगी साडेतीन वर्षांची होती आणि जेवायचा तिला महाकंटाळा. एका दुपारी समोरच्या काकींनी तिला मांडीवर घेऊन वरणभात भरवता भरवता सांगितलं, की उसात एक झोळीवाला बसलेला असतो आणि ताटात टाकणाऱ्या पोरांना तो झोळीत घालून नेतो. ताट चाटूनपुसून साफ झालं. काकी खूश, मीही खूश. आणि दुसऱ्या दिवसापासून लेक परसाच्या दारात उभी राहून चड्डी ओली करायला लागली.

मी काकींवर चिडले, पण चिडून बोलायची सोय नव्हती. गल्लीत पाणी एक दिवसाआड यायचं, तेही वेळी-अवेळी, आणि मी घरात नसले तर माझ्या घागरी काकीच भरून ठेवायच्या. काकी सणसरच्या. माहेरी ऊस, सासरी ऊस, नवरा सीझनला उसाचा ट्रॅक्टर चालवणारा. आवाज असा, की त्यांनी ओट्यावरून हाक मारली तर कालव्यापर्यंतची पोरं जागच्या जागी थांबायची. तीन पोरं त्यांची स्वतःची, आणि गल्लीतली बाकीचीही त्यांचीच असल्यासारखी. कुणाचंही पोरगं धरून शेंबूड पुसणार, कुणालाही धपाटा घालणार, कुणालाही भाकरी वाढणार. यातलं एक घ्यायचं आणि दुसरं सोडायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

त्याच महिन्यात इंदापूरच्या एका शाळेतून मला बोलावणं आलं. जूनपासून कायमची नोकरी. मी मूळची इंदापूरचीच. डी.एड. करून लग्नाआधी थोडे दिवस शिकवलंही होतं, आणि घरात बसल्यापासून या एका बोलावण्याकडं डोळे लावून होते. पण मुलगी कुठं ठेवायची? यांची एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीची नोकरी. माझी आई गेलेली. सासूबाई निरवांगीला थोरल्या दिरांकडं. त्यांच्या सासऱ्यांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, रानोमाळ हिंडण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. आता शेती आणि चार शेरडं राहिली होती, पण भिंतींच्या आत बसायची सवय काही त्यांना लागली नाही. आमच्याकडं आल्या की दुसऱ्या दिवशी पिशवी भरायला घ्यायच्या. “तुमच्या हितं माणसं दारं लावून बसत्यात. माजा जीव गुदमरतो,” म्हणायच्या.

“मग तिला निरवांगीला ठेवू,” हे म्हणाले. “रविवारी आणायची.”

“एका रविवारात काय होतं? कपडे धुण्यात जातो तो,” मी म्हणाले, जणू तेवढीच अडचण होती. नोकरी सोडायची की लेक सोडायची, एवढाच प्रश्न होता आणि मला दोन्ही हवं होतं. त्याला एकच वाट दिसत होती. गल्लीनं तिला सांभाळायचं, आणि मी सांगेन तसं सांभाळायचं.

हे ‘मी सांगेन तसं’ कुठून आलं, तर बारामतीत एका हॉलमध्ये ऐकलेल्या एका बाईंच्या व्याख्यानातून. मुलांना मारू नये, घाबरवू नये, त्यांच्याशी खोटं बोलू नये, जबरदस्तीनं भरवू नये. मूल आपल्या कलानं वाढत असतं, त्याला वाढू द्यावं. ऐकताना मला रडू आलं होतं. लहानपणी मी काही फार मार खाल्लेला नव्हता, त्यामुळं ते रडू कशाचं, हे मला सांगता येत नाही. बाईंनी शेवटी सांगितलं, की एकटीदुकटीला हे जमायचं नाही, आसपासच्या आयांना बरोबर घ्या. मी ते फारच मनावर घेतलं.

दिवस वाळवणाचे होते. आज हिच्याकडं कुरडया, उद्या तिच्याकडं शेवया, परवा पापड, अशा सगळ्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन घरोघर फिरायच्या. वेगळी सभा बोलवायची गरजच नव्हती. काकींच्या ओट्यावर पापड लाटता लाटता मी विषय काढला. काकी होत्या, कोपऱ्यावरच्या आक्का होत्या आणि बँकेतल्या साहेबांच्या मिसेस, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, होत्या. आणखीही दोघी-चौघी असायच्या, पण बोलायच्या या तिघीच. आक्का माझ्या सासूबाईंच्याच गावच्या, वयानं सगळ्यांत मोठ्या, नातवंडं सांभाळायला लेकाकडं येऊन राहिलेल्या. वहिनी पुण्याच्या. त्यांच्या बाळाचं दूध, झोप, शी, सगळं घड्याळावर.

“मारायचं न्हाय म्हंजी अजिबातच न्हाय?” काकींनी विचारलं.

“अजिबात नाही.”

“आन् ओरडायचं बी न्हाय?”

“शांतपणे सांगायचं.”

“आन् न्हाय ऐकलं तर?”

“परत शांतपणे सांगायचं.”

काकींनी लाटणं थांबवून माझ्याकडं पाहिलं. “मग सैपाक कवा करायचा?”

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण हटले नाही. मी व्याख्यानातलं पुढचं सांगायला घेतलं. मूल आईच्या जवळ असावं, आईच्या कुशीत झोपावं, रडेल तेव्हा त्याला पाजावं, अंगाखांद्यावर बाळगावं. आक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मग आजवर काय आमी पोरं खुंटीला टांगून ठिवली व्हती?” वहिनींना मात्र हेच सगळं नवीन वाटलं, कारण त्यांच्या डॉक्टरांनी बरोबर उलटं सांगितलेलं. मी गोंधळून गेले. व्याख्यानातल्या बाई ज्याला निसर्ग म्हणत होत्या, त्यातलं निम्मं गल्ली आधीपासून करत होती, आणि उरलेलं निम्मं, म्हणजे न मारणं, गल्लीला अगदीच निसर्गाच्या विरुद्ध वाटत होतं.

तरी आमचं मंडळ झालं. रविवारी दुपारी जमायचं ठरलं. जी पोरांवर ओरडली असेल, तिनं त्या रविवारी सगळ्यांना चहा पाजायचा. पहिले सगळे चहा काकींनीच पाजले. स्वतः होऊन सांगायच्या, लपवाछपवी नाही. “काल लई वरडले बया. टाका आधण,” म्हणून हसत आत जायच्या. यांनी त्याला ‘दारूबंदीसारखं ओरडाबंदी मंडळ’ असं नाव ठेवलं आणि रविवारी दुपारी मुद्दाम मोठ्यानं रेडिओ लावून बसायला लागले.

मंडळात वाद काय व्हायचे! मूल पडलं की आपण जमिनीवर चापट मारतो आणि ‘मुंगी मेली, मुंगी मेली’ म्हणतो. हे खोटं बोलणं झालं की नाही? यावर एक अख्खी दुपार गेली. वहिनी म्हणाल्या, खोटंच आहे, शिवाय मुंगीची हिंसा. आक्कांनी विचारलं, मग पडल्यावर म्हणायचं काय? वहिनी म्हणाल्या, लागलं का म्हणून विचारावं. “लागलं का इचारलं की जास्तच रडतंय,” आक्का म्हणाल्या. मग काही न बोलता उचलून घ्यावं, असं ठरायला लागलं, तर काकी म्हणाल्या, दर खेपेला उचललं तर पोरगं चालायचंच सोडून देईल. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. व्याख्यानात मुंगीचं काहीच आलं नव्हतं. मी म्हणाले, बघू या.

पण झोळीवाला गेला. ते मी पदरात पाडून घेतलंच. काकींनी माझ्या लेकीला बखोटीला धरून, म्हणजे अगदी हळूच बोटाला धरून, उसाच्या कडेनं फिरवून आणलं आणि तो झोळीवाला आता दुसऱ्या गावी बदलून गेला, असं सांगितलं. हेही खोटंच होतं. मी तिकडं कानाडोळा केला, कारण मुलगी परसात जायला लागली. मेअखेर मी यांना सांगून टाकलं, की निरवांगीचं नाव काढायचं नाही, मुलगी दिवसभर काकींकडं राहील.

जूनमध्ये मी नोकरीवर गेले. बारामती-इंदापूर गाडीत वाटेवरचं सणसर येईपर्यंत मी मुलीचा विचार करायची, सणसर गेलं की शाळेचा. परत येताना उलटं. पहिले दोन महिने इतके सुरळीत गेले, की माझा माझ्यावर विश्वास बसेना. संध्याकाळी घ्यायला जावं तर लेक वेणीफणी करून, तोंड धुऊन, काकींच्या सोप्यात बसलेली. काकी तिच्याशी बोलताना आवाज इतका खाली आणायच्या, की मला कान द्यावा लागायचा. “बाळ, पाणी पिता का? बाळ, आई आली बघा.” मी त्यांना घरी काही आणून दिलं तर घ्यायच्या नाहीत. मला तोवर वैनी म्हणणाऱ्या काकी आता मॅडम म्हणायला लागल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंही होतं. शाळेत मधल्या सुट्टीत बाकीच्या बाई आपापल्या पोरांच्या तक्रारी सांगायच्या, तेव्हा मी आमच्या मंडळाचं सांगायची. कुणाला खरं वाटायचं नाही. एवढी मोठी गल्ली आणि कुणी ओरडत नाही! मी म्हणायची, येऊन बघा एकदा.

दिवाळी झाली, कारखाने सुरू झाले, उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या. आणि मुलीचं काहीतरी बिघडायला लागलं.

आधी तिनं काकींकडच्या मिठाच्या बरणीत पाणी ओतलं. मग वाळत घातलेल्या धुण्यावरून खडीची माती भरलेले पाय फिरवले. मग आक्कांच्या चष्म्याची एक काडी मोडली. घरी माझ्याजवळ हे काही नाही. घरी ती गप्प बसायची आणि विचारलं तर भिंतीकडं बघायची. मी समजावून सांगितलं, जवळ घेऊन सांगितलं, गोष्टीतून सांगितलं. व्याख्यानात सांगितलेलं सगळं करून झालं. काकी तक्रार करत नव्हत्याच. चष्म्याचं मला आक्कांच्या नातवानं सांगितलं. काकी फक्त म्हणायच्या, “लहान हायती, चालायचंच.” लहान हायती! साडेतीन-चार वर्षांच्या पोरीला अहो-जाहो! तेव्हाच मला कळायला हवं होतं का? कोण जाणे. मला तो काकींचा मोठेपणा वाटला.

रविवारी मंडळात मी विषय ठेवला. वहिनी म्हणाल्या, असं होतं, आधी वाढतं आणि मग शमतं. आक्का म्हणाल्या, दृष्ट लागली, मीठ-मिरच्या ओवाळा. काकी चहाचे कप गोळा करत राहिल्या. त्या दिवशी मला जाणवलं, की किती तरी रविवारांत काकींनी स्वतःकडं चहा लावून घेतलेला नाही. त्या म्हणायच्या, आता वरडायलाच होत न्हाय. मी मनात म्हटलं, बघा, माणूस बदलतो. मग माझीच पोरगी का बिघडते? कुणी मारत नाही, कुणी भीती घालत नाही, तरी हिला झालंय काय? मला नोकरीचा संशय यायला लागला. आई दिवसभर नसते म्हणून असेल. आई नसण्याला मंडळ काय करणार?

हे पुन्हा म्हणाले, “निरवांगीला मोकळं रान आहे. आई बघेल. नाहीतर तू तरी घरी बस.” ते रागानं म्हणत नव्हते, हेच वाईट होतं. रागानं म्हणाले असते तर भांडता आलं असतं. मी ठरवलं, संक्रांतीपर्यंत बघायचं, आणि नाही जमलं तर शाळेत सांगून मोकळं व्हायचं. ठरवलं खरं, पण रोज गाडीत सणसर मागं पडलं तरी शाळेचा विचार यायचा बंद झाला.

मग एका दिवशी शाळा लवकर सुटली. दुपारची गाडी मिळाली आणि मी तीनच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी आले. आवाज तिथंच ऐकू आला. काकींचा जुना आवाज, अस्सल, कालव्यापर्यंत जाणारा. मी थांबले.

प्रकार असा झाला होता, की रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर हळूहळू चालला होता आणि पोरांनी पळत जाऊन ट्रॉलीतले ऊस ओढले होते. आमच्याकडं हे सगळीच पोरं करतात आणि सगळ्याच आया त्यासाठी मारतात, कारण तोल गेला तर पोर चाकाखाली जातं. काकींनी पोरांना ओट्यासमोर रांगेत उभं केलं होतं. त्यांची तीन, आक्कांचा नातू, आणखी कुणाची दोघं. प्रत्येकाच्या हातात ऊस. काकी एकेकापुढं जात होत्या, ऊस हिसकावत होत्या आणि ज्याच्या त्याच्या लायकीप्रमाणं देत होत्या. “मुडद्या, हात मोडून ठिवीन!” धपाटा. “तुजं काय वाढलंय रं? घरात ऊस न्हाय व्हय तुज्या?” धपाटा. “आन् ह्यो बघा दीडशाणा! तुज्या आज्जीला सांगू का?” आक्का स्वतः शेजारीच बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर करून “घाल त्येला बी एक,” असं सांगितलं आणि पुन्हा शेंगांना लागल्या.

रांगेत शेवटी माझी लेक उभी होती. तिच्या हातात तिच्यापेक्षा लांब ऊस. तिनं तोंड वर केलं होतं, डोळे घट्ट मिटले होते आणि खांदे वर ओढून घेतले होते. काकी तिच्यापर्यंत आल्या आणि त्यांचा आवाज एकदम उतरला.

“बाळ, तुमी आत जाऊन बसा बरं. ऊन लागंल.”

लेकीनं डोळे उघडले. आधी तिला कळलंच नाही. मग तिनं ऊस जमिनीवर आपटला आणि ती जी किंचाळली, तसं मी तिला आधी कधी ऐकलं नव्हतं. “मी पण वढला! मी पण वढला ऊस! मला पण वरड ना! मला का न्हाय वरडत?”

काकींना काय करावं सुचेना. त्या तिला उचलायला गेल्या तर ती पाय झाडायला लागली. तेवढ्यात त्यांना मी दिसले. आणि पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं ते असं, “मॅडम, म्या त्येंला काय बी बोलले न्हाय. आक्कांना इचारा.”

लेक रडून रडून माझ्या खांद्यावर झोपली. तिला आत टाकून मी ओट्यावर येऊन बसले. आक्का शेंगांची टोपली उचलून हळूच निघून गेल्या. पोरं तर कधीच पळाली होती.

“काकी, हे सगळ्यांच्या पोरांसाठी ठरलं होतं ना?” मी म्हणाले.

काकी पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, “आवो मॅडम, ते कसं हुयाचं? तुमी रविवारी बोलवता, आमी येतो, बसतो. तुमी एवढं मनापासून सांगता, तुमचं मन मोडायचं जिवावर येतं. आमची पोरं आमच्यासारकी वाढतील. पर तुमची एक पोर तरी तुमच्या मनासारकी वाढावी म्हून समद्या गल्लीनं धीर धरलाय. तुमची गाडी गेली की आमचं आमी, आन् बाळाला मातर कुनी ‘ए’ बी म्हनायचं न्हाय. पोरांस्नी बी सांगून ठिवलंय. तिच्या अंगाला हात लावायचा न्हाय म्हून.”

“पोरांनाही?”

“व्हय. ढकलाढकली हुती खेळताना. लागलं-बिगलं तर तुमाला काय तोंड दावायचं?”

म्हणजे तिच्याबरोबर कुणी खेळतही नव्हतं. पाच-सहा महिने माझी पोर त्या घरात पाहुण्यासारखी बसून होती. त्या घरात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर तिला बसवायचे, हेही मला तेव्हा आठवलं. मी रोज बघत होते की. बाकीची पोरं खाली फतकल मारून एका परातीत जेवायची आणि हिला वेगळं ताट. मला वाटायचं, केवढी काळजी घेतात.

मला त्यांचा राग आला का? आला. त्यांनी मला फसवलं होतं, रविवारच्या रविवार माझ्यासमोर बसून चहा पिऊन फसवलं होतं. आणि लगेच वाटलं, एवढं कोण करतं कुणासाठी? आपल्या आवाजाला एवढा लगाम, तोही दुसऱ्याच्या पोरीसाठी, तोही बिनतक्रार. मी त्यांचे पाय धरायला हवे होते की मंडळ मोडून टाकायला हवं होतं, हे मला आजही नीट सांगता यायचं नाही. रस्त्यानं आणखी एक ट्रॉली गेली.

“मग आता वरडू का तिला?” काकींनी विचारलं. अगदी खरोखर विचारलं.

यावर हो कसं म्हणायचं? माझ्या मुलीला ओरडा म्हणून मी कुणाला सांगणार होते? आणि नाही तरी कसं म्हणायचं, आताच तर ऐकलं होतं तिचं. मी म्हणाले, “मारू नका. पण ओरडलात तर चालेल.”

काकींनी मान हलवली. “असं सांगून न्हाय वरडता येत. राग यावा लागतो. तुमच्या पोरीचा मला रागच येत न्हाय. भ्या वाटतं.”

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. खुर्ची हलली, लेक खाली बसायला लागली, परातीतही जेवली, पण पोरांना लागलेली सवय सुटेना. ती आली की खेळ जरा बाजूला सरकायचा. काकींनी एक-दोनदा प्रयत्न करून पाहिला म्हणे. “ए पोरी!” म्हणाल्या आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. लेकीला ते नाटक लगेच कळलं असणार, कारण त्या संध्याकाळी तिनं दुधाची वाटी मुद्दाम, माझ्याकडं बघत, पालथी केली. मी शांतपणे फडकं आणलं. संक्रांत जवळ येत चालली होती. शाळेत काय सांगायचं, ते मी गाडीत मनात जुळवायला लागले होते. निरवांगीहून सासूबाईंचा निरोप आला होता, की पोरीला घेऊन या, शेळीला करडं झालीत.

भोगीच्या आदल्या दिवशी गाडीला उशीर झाला. लासुर्ण्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली कलंडली होती. मी गल्लीत शिरले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि काकींच्या दारात घोळका होता. काकी ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. काका त्यांचा ट्रॅक्टर बंद करून शेजारी उभे. मला बघून वाट सोडली सगळ्यांनी.

“म्या मारलं, मॅडम,” काकी म्हणाल्या. “काय म्हनायचं त्ये म्हना. मागच्या चाकाआड बसून खडं येचत व्हती. ह्येंनी ट्रॅक्टर सुरू केलेला. माजं ध्यान गेलं म्हून, न्हायतर...” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “वडून काडली आन् मारलं. लई वरडले. त्वांडात येईल ते बोलले. आईवरनं बी बोलले.”

“कुठं आहे ती?”

लेक सोप्यात होती. पोरांच्या मध्ये, मांडीला मांडी लावून, गाल मातीनं आणि रडण्यानं बरबटलेले, वेणी सुटलेली. काकींच्या थोरलीनं तिच्या गळ्यात हात टाकला होता आणि आक्कांचा नातू तिला सांगत होता, की त्याला एकदा याच्यापेक्षा जोरात बसली होती. ती हुंदके देत देत ऐकत होती आणि मध्येच हुंदका विसरून त्याला विचारत होती, कुठं बसली? पाठीत का गालावर? मी तिची पाठ पाहिली. वळ नव्हता. चाक, धपाटा, तो हात गळ्यातला, यातल्या कशाला आधी धरावं ते समजेना. मी बाहेर काकींकडं आले. त्यांच्याजवळ बसले आणि दोघी रडलो, बस.

नोकरी मी सोडली नाही, हे इथंच सांगून टाकते. निरवांगीला करडं बघायला गेलो आणि रविवारी परत आलो. मंडळ मात्र पुन्हा बसलं नाही. कुणी मोडलं नाही, कुणी बोलावलंही नाही.

काकींनी मारलं त्या संध्याकाळी मी तिला घरी आणलं, न्हाऊ घातलं. अंगावर पाणी पडत होतं आणि तिचं तोंड चाललं होतं. काकी काय काय म्हणाल्या ते सगळं तिला पाठ झालं होतं. “मला भवानी म्हनल्या. आनि मुडदी म्हनल्या. आनि तंगडी मोडीन म्हनल्या, आई! माझी!” जसं काही बक्षीस मिळालं होतं. मी टॉवेलनं तिचं डोकं पुसत होते आणि या शब्दांना हसावं, थांबवावं, की असं बोलायचं नसतं म्हणून सांगावं, यातलं काहीच माझ्याकडून होत नव्हतं. ती टॉवेलातून बाहेर आली आणि अगदी साधेपणानं, जेवायला काय आहे असं विचारावं तसं, तिनं विचारलं,

“आई, तू मला कधी वरडनार?”

‘कधीच नाही’ हे उत्तर माझ्याकडं तयार होतं. इतके महिने मी त्याच्याच अभिमानात वावरत होते. पण ते ऐकून तिला बरं वाटेल की वाईट, एवढंच मला ठरवता येईना.